ओल्या भेगेवर ठिगळ बसत नाही



आज तुमच्याशी होडीच्या दुरुस्तीविषयी बोलावे असे योजले आहे. रायगडाच्या वाटेवरच्या नात्यात, समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या माणसांना होडीचे काय, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. पण आपली गांधारी महाडजवळ सावित्रीला मिळते, सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्र गाठते आणि एके काळी याच खाडीतून गलबते माल घेऊन दासगाव आणि महाडच्या बंदरापर्यंत येत असत. शिवाय, चर्चच्या ज्या मधल्या भागात आपण दर रविवारी बसतो, त्याचे जुने नाव लॅटिन भाषेतल्या 'नाविस' या शब्दावरून पडले आहे. नाविस म्हणजे नौका. तो 'नाविस' आणि आपली 'नाव' हे दोन्ही शब्द एकाच मूळ घराण्यातले. तेव्हा रविवारी आपण सारे एका होडीतच बसतो, असे म्हणायला हरकत नाही.

पाणी काय करू शकते, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट पाण्यात गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराच्या पाण्याखाली होते. महापूर सर्वांना दिसतो, त्याची बातमी होते. थेंबाथेंबाने आत येणाऱ्या पाण्याची बातमी होत नाही. संत ऑगस्टीन यांनी बारीकसारीक पापांविषयी शिकवताना जहाजाचाच दाखला दिला आहे. मोठी लाट जहाज बुडवते हे खरे. पण फटीतून झिरपणारे पाणी वेळच्या वेळी उपसले नाही, तर तेही तेच काम करते, असा त्यांचा आशय आहे.

गोव्याच्या दोन होड्या

मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तिथल्या ॲक्वेरियस कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी भारतीय नौदलासाठी दोन शिडाच्या होड्या बांधल्या, 'म्हादेई' आणि 'तारिणी'. प्रत्येकीची लांबी सुमारे ५६ फूट. मध्ये लाकूड आणि त्याच्या आत-बाहेर काचतंतूंचे, म्हणजे ज्याला आपण साध्या भाषेत फायबर म्हणतो त्याचे कवच, अशी त्यांची घडण आहे. 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. 'तारिणी'तून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या आणि २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच जणी तोच पल्ला पार करून गोव्याला परतल्या.

या पराक्रमांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोंदे वाटेत चार बंदरांत थांबले. 'तारिणी'च्या पहिल्या फेरीत अखेरच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा ती होडी ठरलेला मार्ग सोडून मॉरिशसला नेण्यात आली, दुरुस्त झाली आणि मगच पुढे निघाली. दुरुस्तीसाठी थांबल्याने तिच्या प्रवासाला कमीपणा आला, असे कुणी म्हणत नाही. आपण मात्र आपल्या घराची, आपल्या मनाची दुरुस्ती करायची म्हटली की लाजतो. 'लोक काय म्हणतील?' या एका प्रश्नापायी कित्येक होड्या बंदराला लागतच नाहीत.

फायबर जुने होते म्हणजे काय होते?

एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांना फायबरच्या टाक्या ठाऊक आहेत. काचेच्या तंतूंची चटई म्हणजे मॅट. तिच्यावर रेझिन लावायचे, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन, असे थर देत कवच तयार होते. अगदी बाहेर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा गुळगुळीत, चकचकीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. फायबर कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. म्हणून पुष्कळांना वाटते की त्याला काहीच होत नाही. पण वर्षे सरतात तशी होडी लाटांवर आपटते, वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. जेलकोट कडक असतो, त्याला वाकणे जमत नाही. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

दुसरा रोग याहून लबाड आहे. पाणी जेलकोटमधून वर्षानुवर्षे कणाकणाने आत शिरते, आत उरलेल्या रसायनांत मिसळते आणि तिथे दाब वाढत जातो. मग बाहेरून छोटे फोड दिसू लागतात. फोड फोडला तर आतून व्हिनेगरसारखा आंबट वास असलेला द्रव निघतो. बंधू-भगिनींनो, मनात धरून ठेवलेल्या रागाचे याहून अचूक चित्र मला दुसरे माहीत नाही. दहा वर्षांपूर्वी बारशाला बोलावले नाही, आजारपणात कुणी फिरकले नाही, वाटणीच्या वेळी कुणी एक शब्द जास्त बोलले. वरून सगळे गुळगुळीत. आत आंबत राहते.

अशी होडी हाती आली की जाणकार कारागीर कामाला कसा लागतो, ते आता क्रमाने पाहू.

१. आधी शोध

कारागीर लहान हातोडीने होडीच्या अंगावर ठिकठिकाणी हलके ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. भक्कम जागेचा आवाज खणखणीत येतो. जिथे आतले थर सुटले असतील तिथे तो भद्द येतो. होडी पाण्याबाहेर असताना तळात थोडे पाणी ओतूनही पाहतात आणि बाहेरून कुठे ओल येते तिथे खूण करतात. कारण होडीत एक फसवणूक नेहमीची असते. पाणी जिथे दिसते तिथूनच ते आत आलेले असते असे नाही. ते वर डेकवरच्या एखाद्या सैल स्क्रूपाशी शिरते, आतल्या अस्तरामागून वाहत जाते आणि भलत्याच कोपऱ्यात साचते. कोपऱ्यात कितीही लेप लावला तरी गळती थांबत नाही.

घरात भांडण ताटावर होते. भाजी खारट झाली, एवढे निमित्त पुरते. पण भाजीवर भांडण मिटवून काय होणार? पाणी दुसरीकडून येत असते. कर्जाचा हप्ता चुकलेला असतो, मुलाची नोकरी गेलेली असते, म्हाताऱ्या आईला कुणी सांभाळायचे हे ठरत नसते. म्हणून पापनिवेदनाआधी आत्मपरीक्षण करायला ख्रिस्तसभा सांगते. 'मी चिडलो' एवढे सांगून थांबू नका. चीड कुठून आत आली, ते शोधा.

२. वाळू द्या

भेग सापडली की ती लगेच भरायची घाई होते. अनुभवी कारागीर ती करत नाही. तो होडी गोड्या पाण्याने धुऊन खारटपणा काढतो आणि ती वाळू देतो. जुन्या होडीला यासाठी कित्येक आठवडेही लागतात. वाळली की नाही, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने होडीच्या अंगावर लावून ठेवायचा. ऊन लागल्यावर प्लास्टिकच्या आत दव धरले, तर अंग अजून ओले आहे. ओल्या अंगावर रेझिन धरत नाही. ते वरून घट्ट दिसते, रंगही छान बसतो आणि होडी लाटांत गेली की ठिगळ सुटून येते. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत तर हे काम आणखी जपून करावे लागते.

यिर्मया संदेष्ट्याने आपल्या काळातल्या पुढाऱ्यांवर हाच ठपका ठेवला होता. लोकांची जखम खोल असताना ते तिला वरवरची मलमपट्टी करत होते आणि शांती नसताना सर्वत्र शांती आहे असे सांगत होते. आपणही हे करतो. दोन भावांना देवळाच्या दारात हात मिळवायला लावतो आणि समेट झाला म्हणून पेढे वाटतो. जिला घरी मारहाण होते त्या बहिणीला आपण सांगतो, 'सहन कर, संसार आहे, क्षमा कर.' माझ्या प्रिय लोकांनो, हा समेट नव्हे. ही ओल्या भेगेवर फासलेली रंगाची पुचारी आहे, आणि ती सुटेल तेव्हा बुडणार ती बहीण. क्षमा मागण्याआधी मारणारा हात थांबला पाहिजे, खरे काय ते बोलले गेले पाहिजे आणि त्या बहिणीला सुरक्षित जागा मिळाली पाहिजे. त्यानंतरच्या क्षमेलाही वेळ लागतो, आणि तो वेळ तिचा आहे. आपण तिला घाई करू नये.

३. भेगेपेक्षा मोठा खड्डा

आता ऐकायला विचित्र वाटेल अशी पायरी येते. भेग भरायच्या आधी कारागीर ती मोठी करतो. भेगेभोवतीचा मेण-तेलाचा अंश आधी पुसून काढतो आणि मग ग्राइंडरने सगळा कमजोर भाग उतरता घासून टाकतो. सर्वसाधारण हिशेब असा की कवच जितके जाड, त्याच्या बारा पट रुंदीचा उतार भेगेच्या प्रत्येक बाजूला द्यायचा. पाच मिलिमीटर जाडीच्या कवचाला आरपार भेग गेली असेल, तर दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर. भेग केसाएवढी आणि खड्डा पसाभर! मालक शेजारी उभा असेल तर त्याच्या पोटात गोळा येतो. पण नवा थर धरायला चांगल्या, खरबरीत अंगाची रुंद जागा लागते. फटीत नुसती पुट्टी कोंबली तर ती पुढच्या लाटेला निघून येते.

पापनिवेदनाची भीती वाटते ती यामुळेच. 'एवढीशी गोष्ट, ती कशाला उकरायची?' असे आपण म्हणतो. पण जमिनीच्या वाटणीत भावाला फसवले असेल तर 'माझ्याकडून चूक झाली' ही पुट्टी झाली. सातबारा पुढ्यात घेऊन बसणे, किती गुंठे कुणाचे ते स्पष्ट बोलणे आणि घेतलेले परत देणे, हे घासून काढणे झाले. दुखते, धूळ उडते; पण त्याशिवाय पुढचे काम होत नाही.

४. आतून आधार

एकाच जागी पुन्हा पुन्हा भेग पडत असेल, तर दोष भेगेत नसतो. तिथे कवच जास्त वाकत असते. मग जाणकार माणूस आतल्या बाजूने जादा थर किंवा आडवी पट्टी बसवून त्या जागेला बळ देतो. नाहीतर दरवर्षी तीच भेग आणि दरवर्षी तोच खर्च.

आपल्यातला एखादा भाऊ उपवासकाळात चाळीस दिवस दारूला शिवत नाही आणि ईस्टरच्या सोमवारी पुन्हा तिथेच असतो. त्याला आपण दोष देतो. पण त्याच्या संध्याकाळी सोबतीला कुणी होते का? त्याला उपचारासाठी कुणी घेऊन गेले का? पगाराच्या दिवशी त्याच्याबरोबर घरापर्यंत कुणी चालले का? वाकणारी जागा एकटी सोडली तर ती पुन्हा फुटणारच. आतून आधार देणे हे धर्मग्रामाचे काम आहे, ते एकट्या धर्मगुरूचे नाही.

५. थरावर थर

शेवटी नवे थर. जुन्या अंगाला नवे अंग चिकटवण्यासाठी बहुतेक जाणकार इपॉक्सी रेझिन पसंत करतात, कारण ते जुन्या फायबरला अधिक घट्ट धरते. साधे पॉलिएस्टर रेझिन वापरले तर त्यात हार्डनर शेकडा एक-दोन भाग एवढाच मिसळतात. तो जास्त झाला तर रेझिन तापते आणि ठिसूळ होते; कमी झाला तर ते चिकटच राहते. उपदेशाचेही असेच आहे. फार झाला तर माणूस तडकतो आणि मुळीच नसला तर काहीच पक्के होत नाही! प्रत्येक थर रोलरने दाबून आतली हवा काढावी लागते. सर्वांत शेवटी, सगळे पक्के झाल्यावर, वरचा चकचकीत थर. आपण बहुधा त्याच टोकापासून सुरुवात करतो.

बंदर दूर असेल तर?

कुणी म्हणेल, 'फादर, हे सर्व होडी किनाऱ्यावर ओढता येते तेव्हाचे. आम्ही तर भर समुद्रात आहोत.' त्यांच्यासाठी मुंबईत बांधलेल्या एका होडीची हकिगत सांगतो. 'सुहैली' ही सागवानी होडी घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ मध्ये इंग्लंडहून एकटे, न थांबता जगप्रदक्षिणेला निघाले. वाटेत होडीच्या तळाजवळचा फळ्यांचा सांधा उघडून पाणी आत येऊ लागले. बंदराला लागायचे तर शर्यत संपली. ते स्वतः पाण्याखाली उतरले, श्वास टिकेल तेवढा वेळ सांध्यात कापूस बसवायचा, वर यायचे, पुन्हा जायचे. त्यावर त्यांनी डांबर लावलेली किलतानाची पट्टी खिळ्यांनी ठोकली, तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवला. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती होडी परत किनाऱ्याला लागली.

तेव्हा ज्यांना आज सगळे सोडवता येत नाही, त्यांनी आज जेवढा श्वास आहे तेवढे करावे. अबोला असेल तर एक फोन. फोन जमत नसेल तर त्या माणसासाठी एक प्रार्थना. फक्त, तात्पुरत्या पट्टीला कायमची दुरुस्ती समजू नये.

देव दुरुस्ती करणारा आहे

परमेश्वराने नोहाला तारू बांधायला सांगितले, तेव्हा त्याला आतून आणि बाहेरून राळ लावण्याची आज्ञा केली. आतूनही, बाहेरूनही! त्या राळेसाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे, त्याचीच मुळाक्षरे प्रायश्चित्ताच्या शब्दात आहेत. तारवाच्या फटी झाकणारी राळ आणि पाप झाकणारी दया यांना एकाच ध्वनीचे शब्द मिळावेत, हे मला मननाला पुरेसे वाटते. देवाचे झाकणे मात्र आपल्या झाकण्यासारखे नसते. आपण पाणी आत कोंडतो, तो ते बाहेर ठेवतो.

नव्या करारात दुसरा असाच शब्द आहे. येशूने याकोब आणि योहान यांना बोलावले तेव्हा ते होडीत बसून जाळी नीट करत होते, असे संत मार्क सांगतात. 'नीट करणे' यासाठी ग्रीक भाषेतले जे क्रियापद तिथे आहे, तेच संत पौल गलतीकरांना लिहिताना वापरतात. कुणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने पुन्हा नीट करा, असे ते सांगतात. फाटके जाळे कोळी फेकून देत नाही, त्याला शिव्याही देत नाही. तो ते मांडीवर घेतो.

आणि पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण राहिलेच होते. नीट दुरुस्त केलेली होडी पुन्हा समुद्रात जाते. पण आत उतरून पाहिले तर नव्या थरांची जागा ओळखू येते. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

आपल्या गावाचे नावच नाते आहे. तेव्हा या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या नात्यांवर हलक्या हाताने ठोकून पाहावे आणि आवाज ऐकावा. जिथे भद्द वाजेल तिथे रंग लावू नये. घरात एक खरे वाक्य बोलावे, एक खरे वाक्य शांतपणे ऐकून घ्यावे. आणि पुढच्या रविवारी मिस्साआधी मी पापनिवेदनासाठी बसलेला असेन; जमेल त्यांनी जरूर यावे.

हे प्रभो, वादळात शिष्यांच्या होडीत पाणी भरत होते, तेव्हा तू त्याच होडीत होतास. आमच्याही होडीत राहा. आमच्या भेगा आम्हांला दाखव, त्या उघडण्याचे धैर्य दे, वाळण्याइतका धीर दे आणि एकमेकांना सौम्य हातांनी सांधायला शिकव. आमेन.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू